वाटाड्याच्या मागे

पुण्यात आयुष्य काढलेल्या माणसाने मावळ बघायला पैसे मोजून वाटाड्या घ्यावा, हे आमच्या घरी कोणालाच पटलं नाही. केरळात, श्रीलंकेत किंवा व्हिएतनामच्या किनाऱ्याने लोक अशा सायकल सहलींना जातात ते ठीक आहे; तिथे भाषा येत नाही, रस्ते माहीत नसतात, जेवण कुठे मिळेल याचा पत्ता नसतो. पण वडगाव, कान्हे, कामशेत, मळवली ही तर लोणावळा लोकलची स्टेशनं. ओळीने पाठ असलेली. "उद्या मंडईतून भाजी आणायलाही माणूस लावाल," असा शेरा घरून मिळाला.

माझा हिशेब वेगळा होता. परक्या मुलखात माणूस आपसूक डोळे उघडे ठेवून फिरतो. जवळच्या मुलखाची मात्र आपण एकदाच काय ती कल्पना करून घेतो आणि पुढे जन्मभर तीच वापरतो. मावळ म्हणजे पाऊस, धबधबे, भजी, चिक्की, किल्ले आणि रविवारी संध्याकाळी परतताना लागणारी गाड्यांची रांग. या कल्पनेतून बाहेर काढायला दुसरं कोणीतरी लागतं, आणि ते तिथलंच लागतं.

अशा सहलींची पद्धत सगळीकडे सारखी असते. सगळ्यांत पुढे एकजण, त्याला लीड म्हणतात. सगळ्यांत शेवटी दुसरा, तो स्वीप. जो मागे पडेल, ज्याची ट्यूब फुटेल, त्याच्यासोबत थांबायचं हे त्याचं काम. त्याच्याही मागे टेंपो. त्यात आमच्या पिशव्या, पाण्याचे कॅन, केळ्यांचा घड आणि हवा भरायचा उभा पंप. आमचा लीड कान्हे फाट्याच्या आतल्या एका गावचा, तिशीतला. घरची भातशेती, आठवडाभर तळेगावच्या एमआयडीसीत शिफ्ट आणि सुट्टीच्या दिवशी हे काम. वयाने आमच्यातल्या बहुतेकांपेक्षा लहान असूनही पहिल्या तासाभरातच तो सगळ्यांचा दादा झाला. तो आम्हाला काका, ताई म्हणायचा आणि आवाज न चढवता हुकूम सोडायचा.

वडगावहून निघताना त्याने नकाशा वगैरे काही दाखवला नाही. सायकलच्या मुठीवर हात ठेवून एवढंच सांगितलं, "उद्या लोणावळ्यापर्यंत घाट लागणार नाही. खिंडी लागतील."

हे वाक्य कळायला मला सायकलीवर बसावं लागलं. मुंबईकराच्या लेखी लोणावळा हे थंड हवेचं ठिकाण, कारण तो खोपोलीपासून पाचशेहून अधिक मीटर चढून तिथे पोचतो. आपण पुण्याचे लोकही तीच भाषा बोलतो, 'वर लोणावळ्याला' म्हणतो. प्रत्यक्षात लोणावळा समुद्रसपाटीपासून सव्वासहाशे मीटरच्या आत-बाहेर आणि पुणं साडेपाचशेच्या पुढे. म्हणजे पुण्याकडून गेलं तर फारसं चढायचं काही नाहीच. लोणावळा हा देशाच्या घराचा उंबरठा आहे. आतून चालत आलं की पायाशी येतो, बाहेरून आलं की चढून यावं लागतं. गाडीच्या इंजिनाला हा फरक जाणवत नाही आणि रेल्वेत बसलेल्याला तर नाहीच. मांड्यांना तो पहिल्या दहा किलोमीटरांत समजतो.

द्रुतगती मार्गावर सायकलींना आणि दुचाकींना बंदी आहे. 2002 साली तो पूर्ण सुरू झाल्यापासून मावळ पाहण्याची तऱ्हाच बदलली. ताशी शंभरच्या वेगाने तालुका मागे पडतो आणि नावं फक्त हिरव्या पाट्यांवर वाचली जातात. बंदीमुळे सायकलवाल्याला आतले रस्ते घ्यावे लागतात, आणि मावळ आतच आहे. आंदर मावळ, नाणे मावळ, पवन मावळ अशी त्याची तीन खोरी. आंद्रा, इंद्रायणी आणि कुंडलिका, पवना या नद्यांनी आखलेली. एका खोऱ्यातून दुसऱ्यात जायचं तर मधली रांग ओलांडावी लागते. म्हणून खिंडी.

आम्ही गेलो तेव्हा भाद्रपद संपत आला होता. भात निसवलं होतं, लोंब्या अजून उभ्याच होत्या, दाणा भरल्यावर त्या वाकतात. खाचरांवरून येणारा वास गोडसर. एका बांधापाशी दादाने थांबवलं आणि एक लोंबी न तोडता दोन बोटांत धरून एक दाणा नखाने दाबला. पांढरा थेंब आला. "दुधावर आलंय," तो म्हणाला. "आता पंधरा दिवस मोठा पाऊस नको." बाजारात आपण इंद्रायणी म्हणून जो तांदूळ घेतो तो इथलाच, वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रात तयार झालेला, आंबेमोहोराचा वास आणि आयआर 8 चं उत्पन्न एकत्र आणणारा, 1987 साली शेतकऱ्यांच्या हाती आलेला वाण. मला वाटायचं, नदीच्या नावाइतकाच तो जुना असेल. दादाच्या आजोबांनी तो पहिल्यांदा लावला तेव्हा शेजारी हसले होते म्हणे.

पुढे जाता जाता तो शेतांवरून पाऊस वाचून दाखवत होता. लोणावळ्यात वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तालुक्याच्या पूर्वेच्या टोकाला त्याच्या निम्म्याहून बराच कमी. एवढा उतार अर्ध्या दिवसाच्या सायकलिंगमध्ये. बांधाची उंची बदलते, घरांच्या पश्चिमेकडच्या भिंतींवर पत्रे दिसू लागतात, गवताच्या गंजीला प्लॅस्टिक येतं. हे बदल कोणीतरी बोट दाखवल्याशिवाय माझ्या नजरेत भरले नसते. एकदा भरले, की मग मी पुढच्या घराची पश्चिमेची भिंत आधी बघायला लागलो.

कामशेतवरून पवनेकडे वळल्यावर बेडशाच्या लेण्यांचा डोंगर बाजूला राहतो आणि रस्ता चढू लागतो. इथे दादाने मला पहिला धडा दिला. मी चढावर आल्यावर गिअर बदलायला गेलो, साखळीने कडकड आवाज केला. तो मागे वळूनही न बघता म्हणाला, "काका, चढ दिसला की गिअर बदलायचा. लागल्यावर नाही." मग माझ्या शेजारी येऊन पायडल मारताना तो कान देऊन ऐकत राहिला. वर पोचल्यावर माझी सायकल उलटी केली, फडक्याने साखळी पुसली, प्रत्येक कडीवर तेलाचा एकेक थेंब सोडला, चाक उलटं फिरवलं आणि जादाचं तेल पुन्हा पुसून काढलं. "तेल आतल्या पिनेला पाहिजे. बाहेर राहिलं तर माती धरतं." या सगळ्याला पाच मिनिटं लागली. मागची मंडळी तोवर येऊन पोचली, म्हणजे माझ्या साखळीच्या निमित्ताने त्याने सगळ्यांना विश्रांतीही देऊन टाकली होती.

पुढे राहून मागच्यांची चाल सांभाळायची, हे लीडचं खरं कसब. खड्डा आला की त्याचा डावा हात खाली जायचा, गाडी आली की 'गाडीऽ' अशी हाक, ती एकाकडून दुसऱ्याकडे शेवटपर्यंत जायची. त्याला हवं असतं तर तो दहा मिनिटांत दिसेनासा झाला असता. बोरघाटात मुंबई-पुणे सायकल शर्यतीत पहिला चढून येणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणतात. त्याची गोष्ट दादा मोठ्या हौसेने सांगायचा. स्वतः मात्र आमच्यातल्या सगळ्यांत हळू माणसाच्या वेगाने चालवायचा.

पवनेचं धरण 1970च्या दशकाच्या सुरुवातीचं. त्याच्या काठावर आता तंबू, कयाकिंग आणि रात्रीची गाणी. मुक्काम आमचाही काठावरच होता. जेवणानंतर दादाने पाण्याकडे हात करून सांगितलं, "हे पाणी पिंपरी-चिंचवडला जातं. ज्यांची गावं खाली गेली, त्यांच्यातले कितीतरी अजून कचेरीच्या पायऱ्या झिजवतायत." मग थोडं थांबून बऊरचं नाव घेतलं. बंद जलवाहिनीतून हे पाणी शहराकडे नेण्याच्या योजनेविरुद्ध 9 ऑगस्ट 2011 रोजी शेतकरी बऊरजवळ द्रुतगती मार्गावर उतरले होते. पोलिसांचा गोळीबार झाला आणि तीन आंदोलकांचा जीव गेला. त्यांत एक बाई होती. या मार्गावरून मी नंतर कितीदा गेलोय. ते ठिकाण कुठलं, हे मला त्या रात्री कळलं. सहलीच्या पत्रकात हे नव्हतं, आणि त्याने सांगितलं नसतं तरी आमची काहीच तक्रार नसती. काय दाखवायचं हे ठरवण्याचा अधिकार वाटाड्याकडे असतो. रस्ता माहीत असण्यापेक्षा हा अधिकार मोठा.

दुसऱ्या दिवशी दुधिवरे खिंड. पवनेच्या पाण्यावरून रस्ता वर सरकतो, एका बाजूला तुंग, मागे तिकोना, समोर लोहगड. चढ लांब नाही, पण उभा आहे. खालून खिंड दिसत असते आणि जवळ येत नाही. दोन-तीन जण उतरून ढकलत गेले. स्वीप त्यांच्याबरोबर स्वतःही उतरून चालू लागला, म्हणजे कोणालाच एकट्याने ढकलावं लागलं नाही. वर लोहगडवाडीच्या उतारांवर सोनकी फुलली होती. तिथून भाजे गावाकडे उतरणारा रस्ता इतका तीव्र, की आनंद बाजूला ठेवून बोटं ब्रेकवर ठेवावी लागली.

भाज्याचं चैत्यगृह इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातलं. छताच्या दगडाखाली अजूनही लाकडाच्या कमानी आहेत. दगडाच्या छताला लाकडाचा आधार लागत नाही. पण कारागिरांना लाकडाच्या इमारतींची सवय, म्हणून दगडातही त्यांनी आपली ओळखीची रचना आणली. तिथून इंद्रायणीच्या पलीकडे कार्ला दिसतं, तिथलं चैत्यगृह देशातल्या कोरीव चैत्यांत सगळ्यांत मोठं. त्याच्या भिंतींवर आणि खांबांवर दान देणाऱ्यांची नावं आहेत. वैजयंतीचा भूतपाल श्रेष्ठी, धेनुकाकटाचे यवन, सोपाऱ्याहून आलेला भिक्षू. वैजयंती म्हणजे कर्नाटकातलं बनवासी, आणि सोपारा म्हणजे आजचं नालासोपारं, तेव्हाचं मोठं बंदर. समुद्राकडून आलेला माल घाट चढून देशावर यायचा तो याच वाटेने, आणि वाटेवरचा पैसा या डोंगरात उतरलेला आहे.

किनाऱ्याचा हा संबंध अजूनही तुटलेला नाही. कार्ल्याच्या लेण्याला लागूनच एकवीरा आईचं देऊळ. चैत्रात तिच्या यात्रेला कोळी आणि आगरी समाज लोटतो. मुंबई, ठाणे, रायगडच्या किनाऱ्यावरून लोक पालख्या घेऊन चालत घाट चढतात. समुद्रावर जगणाऱ्यांची देवी डोंगरात का, असा प्रश्न मी कधी विचारला नव्हता. कुठे दर्याची माणसं आणि कुठे मावळ! दादाने एकाच वाक्यात उत्तर दिलं: "ज्या वाटेनं माल आला, त्याच वाटेनं देवीची माणसं येतात." इतिहासकार हे जास्त सावधपणे मांडतील. सायकलीवर बसून दोन्ही बाजूचे डोंगर बघताना मला ते पटलं.

लोणावळ्यात आम्ही फारसं थांबलो नाही. शनिवारचा लोणावळा गाड्यांच्या आणि चिक्कीच्या दुकानांच्या स्वाधीन असतो. वळवणच्या धरणाशी मात्र टेकलो. लोणावळा, वळवण, शिरोता हे टाटांचे तलाव. त्यांचं पाणी नळांतून खाली सोडून 1915 साली खोपोलीला वीज तयार झाली आणि मुंबईच्या गिरण्या तिच्यावर चालल्या. हे सगळं पाणी इंद्रायणीच्या उगमाकडचं. मुळात ते देहू, आळंदीवरून भीमेत आणि पुढे कृष्णेतून बंगालच्या उपसागरात जाणारं. नळांत शिरल्यावर ते पाताळगंगेला मिळतं आणि अरबी समुद्राला जातं. म्हणजे याच पावसातला काही भाग वारीच्या वाटेने पूर्वेला आणि काही खोपोलीच्या चक्रांतून पश्चिमेला. पाचशेहून अधिक मीटर खाली पडण्यात किती ताकद असते, याचा अंदाज आम्हाला आणखी तासाभराने येणार होता.

खंडाळ्याच्या कड्यावरून दादाने नागफणीकडे बोट केलं. त्या सुळक्याच्या अंगाने कुरवंड्याची जुनी वाट उतरते. फेब्रुवारी 1661 मध्ये शायिस्ताखानाने पाठवलेला कारतलबखान मोठी फौज घेऊन याच वाटेने कोकणात उतरत होता. खाली उंबरखिंडीत झाडी दाट, वाट एका वेळी थोड्याच माणसांना पुरणारी. शिवाजी महाराजांनी पुढचं आणि मागचं तोंड बंद केलं. पाणी नाही, वळायला जागा नाही. अखेर रायबागन या सरदारणीच्या सल्ल्याने खानाने शरण जाऊन सामान टाकलं आणि सुटका करून घेतली. फौज मोठी असून वाट दुसऱ्याच्या माहितीची असली, की काय होतं याचा हा धडा. मावळ्यांच्या शौर्याच्या गोष्टी आपण पाठ केल्या. त्यांना कुठल्या ओढ्याला कुठल्या महिन्यात पाणी असतं हे ठाऊक होतं, त्याचं तितकं कौतुक केलं नाही.

घाट उतरण्याआधी दादाने प्रत्येकाची सायकल तपासली. ब्रेकची दांडी दाबून मुठीपासून किती अंतर उरतं ते बोटाने मोजलं, चाक फिरवून रबराची गुटली रिमला नीट लागते का ते वाकून पाहिलं. एकाची तार सैल होती, ती आवळली. मग सगळ्यांना उभं करून सांगितलं, "ब्रेक धरून ठेवायचे नाहीत. दाबायचे, सोडायचे. धरून ठेवले की रिम तापते. आणि वळणावर माझ्या पुढे कोणी जायचं नाही." शेवटच्या वाक्याला पहिल्यांदाच त्याचा आवाज चढला.

जुन्या रस्त्याने उतरताना शिंग्रोबाचं देऊळ लागतं. येणारे-जाणारे ट्रकवाले तिथे नाणी टाकतात, काही तर थांबतही नाहीत, खिडकीतून फेकतात. दादाने सायकल लावली, खिशातून नाणं काढून ठेवलं आणि हात जोडले. कथा सगळ्यांना साधारण माहीत असते. इंग्रजांना घाटातून मार्ग सापडेना. इथे गुरं चारणाऱ्या शिंग्रोबा नावाच्या धनगराने त्यांना आपली वाट दाखवली. काम झाल्यावर साहेबांनी विचारलं, बक्षीस काय पाहिजे? तो म्हणाला, आम्हाला स्वातंत्र्य द्या. आणि त्याला गोळी घातली.

1830 साली या घाटात गाडीरस्ता झाला. रेल्वेचं काम 1856 मध्ये सुरू होऊन 1863 मध्ये पुरं झालं. तेव्हाच्या कागदांत मुख्य अभियंता जेम्स बर्कली आहे, कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल आहे, तो इथे येऊन थोड्याच दिवसांत वारल्यावर काम पुढे नेणारी त्याची बायको अ‍ॅलिस आहे. एका वेळी चाळीस हजारांवर मजूर बोगदे खणत होते, पटकीने आणि तापाने पटापट मरत होते. शिंग्रोबाला मात्र लोकांनी सांभाळलं, धनगरांनी, ट्रकवाल्यांनी. गोष्टीतला प्रत्येक तपशील खरा असो वा नसो, तिच्यातला एक व्यवहार मला नेहमीचा वाटतो. बाहेरचा माणूस वाट विचारतो, तिथला सांगतो, रस्ता होतो, आणि मग त्या रस्त्यावरून जाणाऱ्यांना सांगणाऱ्याची गरज उरत नाही. आता खोपोली ते कुसगाव असा बोगद्यांतून जाणारा जोडरस्ताही काढला आहे, घाटच टाळणारा. वेळ वाचेल, अपघातही कमी होतील, आणि ते चांगलंच आहे. फक्त शिंग्रोबाला नाणं टाकणारे कमी होतील.

उतार पंचवीसेक मिनिटांचा असेल. वारा कानांत भरला, डोळ्यांतून पाणी आलं, वळणांवर ट्रकांच्या ब्रेकचा जळका वास. दादा पुढे, मागे न बघता, प्रत्येक वळणाआधी डावा हात खाली. खोपोलीत पोचलो तेव्हा हवा एकदम जड झाली, सदरा पाठीला चिकटला. कोकण लागलं होतं. मनगटं दुखत होती आणि सगळे लहान मुलांसारखे एकमेकांना वेग सांगत होते.

टेंपोत सायकली चढवून पुन्हा वडगावला जायचं होतं. बहुतेकांच्या गाड्या तिथे उभ्या होत्या. मी एकटाच लोकलने आलेलो. सहलीचे पैसे आधीच भरले होते, पण दादाला वेगळं काहीतरी द्यावं म्हणून मी पाकीट काढलं. त्याने माझा हात मागे केला.

"राहू द्या काका. एक करा. पुढच्या वेळी ह्या सगळ्यांना तुमच्यासारखं लोकलनं आणा. शनिवारी आमच्या फाट्यावर एवढ्या गाड्या असतात, की आजीला रस्ता ओलांडून दवाखान्यात न्यायचं तर अर्धा अर्धा तास उभं राहावं लागतं."

मी ते मोठ्याने सगळ्यांना सांगितलं. दोघा-तिघांनी माना डोलावल्या. महागाची सायकल असलेले एक गृहस्थ म्हणाले, "बरोबर आहे हो, पण मालडब्यात दुधाच्या कॅनांच्या गर्दीत सायकलीला ओरखडे जातात त्याचं काय?"

"जात नाहीत," दादा म्हणाला. "कशी बांधायची ते दाखवतो, या." आणि तो दोर घेऊन टेंपोत चढला.